स्वतःच्या मनातला प्राणी घडवताना: आधी हाडं की आधी कातडं?

चौकोनी_चिमणी

एक कल्पित प्राणी घडवायचा आहे. चार पाय, पाठीवर अर्धे मिटलेले दोन पंख, लांब मान, त्याहून लांब शेपूट. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ३० सेंमी. पॉलिमर क्ले (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती), आत तारेचा सांगाडा, वरून ॲक्रिलिक रंग. एकच नग, साचा काढायचा नाही.

तीन ठिकाणी घोडं अडलंय.

पहिलं: कागदावर पंख शोभतात, पण मातीच्या छोट्या नमुन्यात ते पाठीवर डकवल्यासारखे दिसतात. पुढे सरकवले, मागे सरकवले, वर घेतले, डकवलेपण काही जात नाही.

दुसरं: तार किती जाडीची घ्यायची, आणि पोटात काय भरायचं?

तिसरं: भाजल्यावर मानेला भेगा पडतात. उभी एकही नाही, सगळ्या आडव्या, बांगड्या घातल्यासारख्या.

शिवाय एक मत, त्यावर खुशाल भांडा. हाडं-स्नायूंचा अभ्यास खऱ्या प्राण्यांसाठी ठीक आहे. जो प्राणी नाहीच, त्याच्या हाडांची चौकशी कशाला? बाहेरचं रूप आधी ठरवावं, आतलं कोण बघतंय?

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. भांडण सुरू झालं की हाक मारा.

हाडवैद्य

हाक मारायची गरज नाही, झालंच सुरू. धाग्यातला पहिला प्रश्न आणि शेवटचं मत, दोन्हीचं दुखणं एकच आहे.

पंख ही पाठीवर ठेवायची वस्तू नाही, तो हात आहे. वटवाघळाच्या पंखात आपल्याच हाताची मांडणी दिसते: दंड, पुढचा हात, मनगट आणि चार लांबलचक बोटं. अंगठा तेवढा आखूड, नखीसकट मोकळा. पक्ष्यांमध्ये बोटं जुळून लहान झाली आणि उरलेला पसारा पिसांनी भरून काढला. टेरोसॉरमध्ये (डायनोसॉरांच्या काळातले उडणारे सरपटणारे प्राणी) एकट्या चौथ्या बोटाने सगळा पडदा पेलला. तीन तऱ्हेचे पंख, पण तिघांनाही खांदा आहे, खांद्यामागे फरा (खांद्याचं चपटं हाड) आहे, आणि पंख खाली ओढणारे मोठे स्नायू छातीच्या हाडाला बांधलेले आहेत, पाठीला नाहीत. त्यामुळे पंखाची ताकद पाठीत दिसत नाही, छातीत दिसते. पाठ सपाट ठेवून पंख कुठेही सरकवा, तो डकवलेलाच दिसणार.

आता खरी अडचण. कणा असलेल्या जिवंत प्राण्यांपैकी एकालाही चारपेक्षा जास्त हातपाय नाहीत. तुमच्या प्राण्याला सहा आहेत, म्हणजे खांद्यांची दुसरी जोडी तुम्हालाच शोधून काढायची आहे. दोन मांडण्या पटण्यासारख्या होतात.

एक: पुढच्या पायांचा फरा नेहमीच्या जागी, आणि पंखाचा फरा त्याच्या मागे व थोडा वर, बरगड्यांवर आडवा पडलेला. यासाठी छातीचा पिंजरा लांब करावा लागतो. पुढच्या पायामागे निदान एका फऱ्याच्या रुंदीइतकी जास्तीची जागा ठेवा. पंखाचा स्नायू तिथून खाली उतरतो आणि पुढच्या पायाच्या कोपरामागून छातीच्या हाडाकडे जातो.

दोन: पंखाचा खांदा पुढे, मानेच्या बुंध्याशी, आणि पाय त्याच्या खाली. यात छाती खूप खोल करावी लागते, पुढून पाहिलं तर होडीच्या तळासारखी.

कुठलीही घ्या, पण ठरवा. ‘दोन्हीच्या मधे कुठेतरी’ ठेवलं की पंख डकवलाच म्हणून समजा.

खवलेमांजर

हाडवैद्यबुवा, प्राणी फळीवर बसणार आहे. त्याला उड्डाणाचा परवाना काढायचा नाहीये.

हाडवैद्य

परवाना नको, पण फळीवर बसलेल्या प्राण्यानेही ‘मी आत्ता उठेन’ असं म्हटलं पाहिजे. घोडा, मांजर, माणूस आपण जन्मभर पाहत असतो. कुठे काय फुगायला हवं ते डोळ्याला ठाऊक असतं, फक्त सांगता येत नाही. म्हणून बघणारा ‘काहीतरी चुकलंय’ एवढंच म्हणतो आणि घडवणारा बिचारा पंख सरकवत बसतो.

मागच्या पायाचं उदाहरण घ्या. कुत्र्याच्या मागच्या पायात उलटा दिसणारा ‘गुडघा’ हा गुडघा नसतोच, ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी, बराचसा कातड्यात लपलेला. हे न समजता घडवलेल्या पायाला दोन गुडघे होतात किंवा एकही राहत नाही. आधी ठरवायचं की प्राणी अस्वलासारखा पूर्ण तळव्यावर चालतो, मांजरासारखा बोटांवर, की घोड्यासारखा खुरावर. हे ठरलं की टाचेची उंची आपोआप ठरते.

आकाराचंही तसंच. लांबी दुप्पट केली की हाडाचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट. गॅलिलिओने १६३८ साली हे मांडून ठेवलंय. म्हणून हत्तीचे पाय खांबासारखे सरळ आणि हरणाचे काटकुळे. मूर्ती ३० सेंमीचीच असली तरी तो प्राणी ‘प्रत्यक्षात’ केवढा आहे हे पायाच्या जाडीवरून आणि डोळ्याच्या आकारावरून कळतं. मोठ्या प्राण्याचा डोळा डोक्याच्या मानाने लहान असतो. भलाथोरला राक्षस टपोऱ्या डोळ्यांचा केला की त्याचं पिल्लू होतं.

तारेवरची_कसरत

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकीचे अजून बराच वेळ छातीतच राहणार असं दिसतंय.

३० सेंमीच्या प्राण्याला कणा आणि पाय यांसाठी ३ मिमीची ॲल्युमिनियम तार, बोटं आणि पंखाच्या काड्यांसाठी १.५ मिमी. मान लांब आहे, तिथे २ मिमीच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन घ्या. पिळलेली जोडी गोल फिरत नाही आणि माती तिला चांगली धरते.

क्रम असा. प्राण्याचं बाजूने दिसणारं चित्र खऱ्या मापात काढा. त्यावर सांधे ठिपक्यांनी दाखवा: खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, टाच. तार चित्रावर ठेवून वाकवा आणि बाक ठिपक्यावरच आणा. तार हाडाच्या जागी गेली पाहिजे, कडेला नाही. कोपरातून किंवा टाचेतून तार बाहेर डोकावते याचं कारण बहुतेक वेळा हेच, की चित्राच्या बाहेरच्या रेघेवर तार वाकवलेली असते. सगळीकडे तारेवर निदान ३-४ मिमी माती बसेल असं पाहा.

पायांच्या तारा तळव्याखाली ४ सेंमी लांब सोडा. २ सेंमी जाडीच्या लाकडी ठोकळ्यात भोकं पाडून त्या खाली घाला. काम चालू असताना प्राणी ठोकळ्यावर उभा राहतो आणि हात मोकळे राहतात. ठोकळा सुका आणि पॉलिश नसलेला हवा, तो ओव्हनमध्ये जाणार आहे.

सांधे चिकटपट्टीने बांधू नका, तिचा गोंद ओव्हनमध्ये मऊ होतो. आधी बारीक तारेने बांधा, मग वर एपॉक्सी पुट्टीचा गोळा. दोन्ही भाग सम प्रमाणात मळायचे आणि पूर्ण कडक व्हायला २४ तास द्यायचे. मऊ असतानाच माती चढवली तर सांधा हलतो, आणि एकदा हलला की शेवटपर्यंत हलतोच.

पोटात ॲल्युमिनियम फॉइल. घट्ट म्हणजे किती घट्ट? बोटाने दाबून खळगा पडता कामा नये. चुरगाळा, टेबलावर दाबून लाटा, लहान हातोडीने ठोका. त्यावर मातीचा थर ५ ते ८ मिमी, सगळीकडे जवळजवळ सारखा. छाती, खुबा आणि डोकं यांचे ढोबळ उंचवटे फॉइलमध्येच यायला हवेत. ते मातीत काढले की एका जागी माती २० मिमी, दुसरीकडे ४ मिमी, आणि मग भेगांचा धागा काढावा लागतो.

थर्माकोल पोटात भरू नका. उष्णतेने तो आकसतो, आणि भाजायच्या आधी कच्ची माती त्याला खातही असते.

वाचनमात्र

माती थर्माकोल खाते??

मंद_आच

खाते. पॉलिमर क्ले नावाचीच माती. ती पीव्हीसीची भुकटी असते, मऊपणासाठी त्यात तेलासारखा द्रव घातलेला असतो. तो द्रव पॉलिस्टायरीनला, म्हणजे थर्माकोल ज्याचा असतो त्या प्लास्टिकला, विरघळवतो, म्हणून कच्ची माती कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवली तर डबी तळाशी चिकट होते. पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात किंवा मेणकागदात ठेवा.

आता बांगड्यांकडे. भेगा आडव्याच का, हे समजलं तर उपाय सोपा आहे.

ॲल्युमिनियम दर अंशाला दर दहा लाख भागांत सुमारे २३ भाग वाढतं. १० सेंमीची मानेतली तार २५ अंशांवरून १३० अंशांवर गेली की साधारण पाव मिमी लांब होते. भाजलेली माती त्याहून बरीच जास्त फुगते आणि थंड होताना तितकीच जास्त आकसते. आतली तार तिला आकसू देत नाही. मातीवर ताण येतो तो मानेच्या लांबीच्या दिशेने, आणि ताणाला काटकोनात भेग जाते. म्हणून बांगडी. धड आखूड आणि जाड, तिथे हा ताण विखुरतो. मान आणि शेपूट लांब आणि बारीक, तिथे तो एका जागी येऊन फुटतो.

उपाय, महत्त्वाच्या क्रमाने:

भाजून झाल्यावर ओव्हन बंद करा आणि दार उघडू नका. पूर्ण थंड होईपर्यंत. ‘जरा बघू’ म्हणून दार उघडलं की बारीक भाग आधी गार होतो आणि तडकतो.

भाजणं पुरेसं हवं. अर्धकच्ची माती दिसायला कडक, पण ठिसूळ. सुपर स्कल्पी नावाची माती १३० अंशांवर दर ६ मिमी जाडीला १५ मिनिटं, फिमो नावाची ११० अंशांवर ३० मिनिटं. पाकिटावरचा आकडा पाहा, एकीचा नियम दुसरीला लावू नका. योग्य तापमानावर वेळ जास्त झाला तर बिघडत नाही, तापमान जास्त झालं तर बिघडतं. या आकाराच्या प्राण्याला तासभर द्यायला हरकत नाही. खात्रीसाठी त्याच मातीची २ मिमी जाडीची पट्टी सोबत भाजा. थंड झाल्यावर ती वाकली पाहिजे, कट्कन मोडली तर आतलं कामही कच्चं आहे.

ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका. आत वेगळा तापमापक ठेवा. छोट्या ओव्हनमध्ये तापणारी कांडी जवळ असते आणि शिंगांची टोकं करपतात. वर फॉइलचा सैल तंबू करा. पीव्हीसी खरोखर जळू लागलं तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, नाक-डोळे झोंबतात. अशा वेळी ओव्हन बंद, खिडक्या उघड्या, आणि आपण खोलीबाहेर.

तार गुळगुळीत ठेवू नका. मानेच्या तारेवर ०.५ मिमीची बारीक तार सैल वेटोळी गुंडाळा. पकड सगळीकडे सारखी झाली की ताण एकाच ठिकाणी साठत नाही.

आणि माती नीट मळा. आतला हवेचा फुगा गरम झाला की फुगतो. पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखे पांढुरके डाग दिसले तर ते अडकलेल्या हवेचे आणि ओलाव्याचे.

पडलेली भेग बुजवायला त्याच मातीत थोडी द्रव पॉलिमर क्ले मिसळून भरा आणि परत भाजा, किंवा एपॉक्सी पुट्टी भरून घासा. परत भाजताना जुनी भेग पुन्हा उघडण्याची भीती वाटत असेल तर पुट्टीच बरी.

काजवा

मंद_आच, दंडवत. एक भर: गरम मूर्ती मऊ असते. भाजल्यावर लगेच मान वाकलेली दिसली तर घाबरू नका, आणि कृपा करून उचलू नका.

साचेबंद

एवढी उठाठेव करून शेवटी नग एकच! मूळ मूर्ती तेलाच्या मातीत घडवा, सिलिकॉनचा साचा घ्या, रेझिनमध्ये ओता. तेलाची माती वाळत नाही, भाजावी लागत नाही, महिनाभराने परत हात घातला तरी तशीच. विल्यम हार्बट यांनी १८९७ साली प्लास्टिसिन बनवलं ते याचसाठी, की विद्यार्थ्यांच्या हातातली माती वाळू नये. भेग नाही, ओव्हन नाही, आणि रंगाचे प्रयोग करायला चार प्रती.

चौकोनी_चिमणी

अहो, धाग्यात ‘साचा काढायचा नाही’ लिहिलंय. साचेबंद यांच्या आडातही साचा आणि पोहऱ्यातही साचा!

साचेबंद

नावाला जागतो. बरं, ज्यांना काढायचा असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो, कारण इथे नुकसान फार होतं.

मातीत गंधक नसावं. जुन्या पद्धतीच्या तेलाच्या मातीत ते असतं, आणि प्लॅटिनम उत्प्रेरकाचं सिलिकॉन त्याला टेकलं की जमतच नाही, पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो. लॅटेक्सचे हातमोजे घालून सिलिकॉन ढवळलं तरी हेच, म्हणून नायट्राइलचे घाला. कथिल उत्प्रेरकाचं सिलिकॉन इतकं सोवळं पाळत नाही, पण तो साचा कालांतराने आकसतो आणि लवकर मरतो. कुठलंही सिलिकॉन घ्या, त्याचे घटक तराजूवर मोजून घ्या, अंदाजपंचे नको.

दोन भागांच्या साच्याला मूर्ती निम्म्यापर्यंत मऊ मातीत बसवा. सांध्याची रेघ मूर्तीच्या धारेवरून न्या: पंखाची कड, पायाची कड, पाठीची धार. कडेच्या मातीत बोटाच्या टोकाएवढे खळगे करा म्हणजे दोन भाग जागेवर बसतील. पहिला भाग जमला की त्याच्या कडेवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवल्याशिवाय दुसरा भाग ओतू नका. सिलिकॉनला कशाचंच प्रेम नाही, पण सिलिकॉनला सिलिकॉन असं चिकटतं की सुरीनेच सोडवावं लागतं.

सिलिकॉन उंचावरून बारीक धारेने, साच्याच्या एका कोपऱ्यात ओता, त्याला स्वतःहून चढत येऊ द्या. धारेत फुगे फुटतात. प्रत्येक नखी, शिंग, कान यांच्या टोकाला हवा बाहेर जायची वाट द्या, नाहीतर प्रत प्रत्येक वेळी बोडक्या बोटांची निघते. पॉलियुरेथेन रेझिनला ओलावा चालत नाही. ढवळायची काडी दमट असली तरी ते फेसाळतं. आणि ते वापरताना खेळती हवा आणि वायूसाठीचा मास्क, साधा धुळीचा नाही.

बहुभुज

पहिल्या प्रश्नासाठी माती तरी कशाला? संगणकावर त्रिमितीय आकार घडवायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. वीस मिनिटांत गोळ्यांचा प्राणी उभा करा, पंखाचा खांदा सरकवत बसा, वॉक्सेल रीमेश (सगळे गोळे एकसंध करणारी सोय) मारला की सांधे मिटतात. सममिती चालू ठेवून ढोबळ आकार, आणि ढब द्यायच्या आधी ती बंद. पडद्यावर एक धोका आहे: जवळ जाऊन खवले कोरत बसता येतं, आणि लांबून प्राणी बटाटा दिसतो. दर पाच मिनिटांनी तो अंगठ्याएवढा करून नुसत्या काळ्या आकृतीत बघा.

त्रिमितीय प्रिंटरवर रेझिनमध्ये छापायचा असेल तर पोकळ करा, भिंत २-३ मिमी, तळाशी निदान दोन भोकं. एकाच भोकाने आतलं कच्चं रेझिन निघत नाही, आणि ते आत राहिलं तर काही आठवड्यांनी मूर्ती आतून तडकते. आणि साचेबंद यांच्या यादीत भर घाला: नीट न पिकवलेली (पूर्ण कडक न केलेली) रेझिनची छपाईही प्लॅटिनम सिलिकॉनला जमू देत नाही.

खवलेमांजर

नावाला जागायची माझी पाळी. कातडं.

खवले एकेक करून लावायचे असतील तर शेपटीच्या टोकाकडून सुरुवात करा आणि डोक्याकडे या. कौलं घालतात तसं, खालची ओळ आधी. खवल्याचं मोकळं टोक मागे असतं, म्हणून डोक्याकडून सुरू केलं तर प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीच्या पोटात खुपसावी लागते आणि ते काही जमत नाही.

आकार सगळीकडे एक ठेवू नका. पाठीवर मोठे आणि जाड, कुशीवर मध्यम, काखेत आणि गुडघ्यामागे तिळाएवढे, कारण तिथे कातडं दुमडतं. सापाच्या पोटावर रुंद आडव्या पट्ट्या असतात, त्या मानेखाली वापरल्या तर मान वळलेली ठळक दिसते: वळणाच्या आतल्या बाजूला पट्ट्या दाटतात, बाहेर सुटतात.

खवले कोरायचे असतील तर मातीवर पातळ प्लास्टिकचा कागद ताणा आणि त्यावरून बोथट टोकाने रेघ दाबा. कडा गोल होतात, भुरभुर उडत नाही. कागदाशिवाय कोरलेली रेघ भाजल्यावर सुरीने कापल्यासारखी दिसते.

उघड्या कातड्यासाठी चुरगाळलेल्या फॉइलचा गोळा दाबा, दर वेळी फिरवून. मग सुरकुत्या, आणि त्या नेहमी स्नायूच्या ओढीला आडव्या. शेवटी मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात. ब्रश ओला नको, नुसता दमट. जास्त झालं की पृष्ठभागाचा चिखल होतो आणि बारीक काम वाहून जातं.

शिंगं करताना शिंग कुठलं ते ठरवा. गाय-बकरीचं शिंग म्हणजे हाडाचा गाभा आणि वर नखासारखं आवरण, ते गळत नाही आणि त्याला फांद्या फुटत नाहीत. सांबराचं शिंग हाडाचंच, फांद्यांचं, दरवर्षी गळणारं. फांद्यांच्या शिंगावर बोकडाच्या शिंगासारखी वलयं काढली की हाडवैद्य येतात.

हाडवैद्य

आलो.

काजवा

डोळ्यांवर कुणीच बोललं नाही, म्हणून.

डोळे आधी, पापण्या नंतर. ६ मिमीचा सपाट पाठीचा काचमणी घ्या, मागच्या सपाट बाजूवर बुबुळ रंगवा: आधी काळी बाहुली, ती वाळल्यावर बुबुळाचा रंग, शेवटी गडद पाठ. समोरून पाहिलं की घुमट भिंगाचं काम करतो आणि बाहुली खोल दिसते. काच ओव्हनमध्ये टिकते, स्वस्त प्लास्टिकचे डोळे टिकत नाहीत. पापणी म्हणजे मातीची बारीक वळी, वरची बाहुलीच्या कडेला थोडी झाकणारी. पूर्ण गोल उघडा डोळा दिसला की प्राणी घाबरलेला वाटतो.

बाहुलीचा आकार उगाच निवडू नका. उभी फट दबा धरून झडप घालणाऱ्या लहान शिकाऱ्यांत जास्त, आडवी शेळी-मेंढीसारख्या चरणाऱ्यांत, गोल वाघ-सिंहांत. डोळे समोर असले तर शिकारी वाटतो, बाजूला असले तर सतत सावध.

हाडवैद्य

यालाच जोडून जबडा. मांस खाणाऱ्याच्या जबड्याचा सांधा दातांच्या ओळीच्या पातळीवर असतो, तोंड कात्रीसारखं मिटतं. गवत खाणाऱ्याचा बराच वर, म्हणजे सगळे दात एकदम टेकतात. सुळे वाघाचे आणि जबडा गाईचा असे बरेच कल्पित प्राणी दिसतात. त्यांना उपाशी ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

नावीन्य तीन प्राणी जोडून येत नाही असं माझं मत. एक शरीर घ्या, त्याला एक गरज द्या (चिखलात चालणं, कड्यावर लटकणं, रात्री दिसणं), आणि त्या गरजेने सगळे अवयव थोडे थोडे बदलू द्या. पंजा, मान, डोळा, शेपूट, सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली की तो प्राणी कुणाची नक्कल वाटत नाही.

वाचनमात्र

रंग देताना काय काळजी घ्यायची, एका ओळीत?

काजवा

एका ओळीत: पॉलिमर क्लेवर स्प्रेचा प्रायमर थेट मारू नका, अनेक स्प्रे त्यावर कायम चिकट राहतात, अल्कोहोलने पुसा, ॲक्रिलिक पातळ थरांत, खाचांमध्ये गडद रंग पाण्यासारखा सोडून वरून पुसा, पोट पाठीपेक्षा फिकट, चकाकी फक्त डोळ्यांना, नाकपुड्यांना आणि हिरड्यांना.

ओळ लांब झाली.

चौकोनी_चिमणी

सगळ्यांचे आभार, आणि मत मागे घेतेय, निदान अर्धं. हाडवैद्यांची पहिली मांडणी फॉइल आणि मातीच्या १० सेंमी नमुन्यात करून बघितली. पुढच्या पायामागे फऱ्याएवढी जागा सोडली, पंखाचा फरा बरगड्यांवर आडवा टाकला, कोपरामागून स्नायूची एक वळी छातीकडे नेली. डकवलेपण गेलं. पंख तोच, जागाही जवळजवळ तीच.

आता नवीन दुखणं: नमुना तोंडावर पडतो. मान लांब, शेपूट हलकी.

तारेवरची_कसरत

जमिनीला टेकलेल्या पायांची टोकं रेघांनी जोडा. वजनाचा मध्य त्या चौकोनावर आला पाहिजे. मध्य शोधायला नमुना दोऱ्याने पाठीला टांगा आणि दोऱ्याची जागा बदलत जा. तो आडवा राहील ती जागा. तिथून सरळ खाली ओळंबा धरला तर मधोमध यायला हवा, तुमचा बहुधा पुढच्या पायांच्याही पुढे येतोय. मान सरळ पुढे न काढता हंसासारखी मागे घेऊन वळवा, किंवा एक पुढचा पाय पाऊलभर पुढे टाका. तारा ठोकळ्यात पक्क्या बसल्यावर मूर्ती तशी पडणार नाही, पण पडेलशी दिसली तरी ढब बिघडते.

मंद_आच

हे सगळं छान चाललंय. ओव्हनच्या आतली उंची कुणी मोजली का?

चौकोनी_चिमणी

...

२१ सेंमी. ठोकळा आणि पंखांसकट प्राणी २४.

वाचनमात्र

भांडणापेक्षा हे भारी आहे.

तारेवरची_कसरत

रडू नका, पंख सुटे करा. ३ मिमीची तार जेमतेम सरकेल अशी पितळी नळी घ्या, प्रत्येक पंखाला २ सेंमीचे दोन तुकडे, एकमेकांना समांतर, मधे ८ मिमी अंतर. एकच नळी घेतली तर पंख तिच्याभोवती फिरतो. नळ्या धडाच्या सांगाड्याला पुट्टीने पक्क्या करा, बाहेरचं तोंड मातीच्या पातळीला. पंखाच्या मुळातून दोन तारा तशाच समांतर. माती चढवताना तार नळीत घालूनच ठेवा, मधे बेबी पावडरचा हात, म्हणजे दोन्हीकडची माती एकमेकींत मिसळणार नाही. मग पंख ओढून काढा आणि पॉलिएस्टरच्या कापसाच्या गादीवर आडवा ठेवून वेगळा भाजा, नाहीतर पडदा खाली झोळ धरेल. पडदा २ मिमीपेक्षा पातळ नको.

चौकोनी_चिमणी

आणि जोडाची फट? ती पाठीवर दिसणारच की.

हाडवैद्य

पाठीवर कशाला? फऱ्याच्या मागच्या कडेने न्या. फरा बरगड्यांवर सरकतो तिथे कातड्याला घडी पडतेच. पंखाबरोबर अख्खा फरा सुटा करा, नळ्या फऱ्याच्या खाली, फट त्या घडीत. पुढच्या कडेला खवलेमांजर यांनी सांगितलेले बारीक खवले.

खवलेमांजर

तिळाएवढे. आणि फटीच्या दोन्ही बाजूंचे खवले पंख जागेवर बसवूनच कोरा, नाहीतर ओळी जुळणार नाहीत.

मंद_आच

पंख वेगळे भाजले तरी तापमापक दोन्ही वेळा आत. आणि दार उघडायचं नाही.